नव्वद मिनिटांत दशावतार: काय ठेवायचं, काय काढायचं?

तेरेखोलकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे, आणि थोडं भांडायचंही आहे.

इथे मेलबर्नमध्ये आमच्या मंडळाने यंदा गणपतीत दशावतार करायचं ठरवलंय. लावणी होऊन गेली, ढोल-ताशा दरवर्षी वाजतोच, कोळीगीतांवर आजी ते नात सगळ्या नाचून झाल्या. त्यात २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा चित्रपट आला आणि ज्यांनी तळकोकण फक्त गोव्याला जाताना गाडीच्या खिडकीतून बघितलंय त्यांनाही दशावतार एकदम 'आपला' वाटू लागला. वाटू दे, तक्रार नाही. समितीत सिंधुदुर्गातला मी एकटा, म्हणून लोढणं माझ्या गळ्यात.

अटी अशा. वेळ नव्वद मिनिटं. साडेनऊला हॉल झाडून किल्ली परत. पडद्यावर इंग्रजी ओळी हव्यात, कारण बऱ्याच मुलांना आणि काही सुना-जावयांना मराठी कळत नाही. कामं इथलीच हौशी मंडळी करणार, गावाहून पेटीवाला आणि एखादा जुना नट आणता आला तर बघायचं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे-डिचोली भागात देवळांच्या जत्रा सुरू होतात, त्या पावसाच्या तोंडापर्यंत. पालखी फिरली की देवळासमोर नाटक. आधी 'आड दशावतार': गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, माधवी आणि संकासुर. वेद चोरणारा हा असुर काळ्या वेशात येतो, मालवणीत बोलतो, सूत्रधाराशी हुज्जत घालतो, सरपंचापासून वायरमनपर्यंत सगळ्यांची टोपी उडवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी गोष्ट, थेट पहाटेपर्यंत. साथीला पेटी, पखवाज, झांज. बायकांची कामं पुरुष करतात. आणि मुख्य म्हणजे संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथा ठरते, कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाला शाप देणार एवढं ठरतं. बाकी सगळं उभं राहिल्यावर.

आता समितीची यादी वाचा. आड दशावतार काढा ('गोष्ट पुढे सरकत नाही'). लांब संवाद काढा. मुकुट आणि भरजरी कपडे ठेवा, युद्ध ठेवा, धूर ठेवा.

माझ्या मते हे नेमकं उलटं आहे. दशावतारातून बोलणं काढलं की उरते ती वेशभूषा स्पर्धा, आणि तिला मी दशावतार म्हणणार नाही. पण माझ्याकडे नव्वदच मिनिटं आहेत हेही खरं. तर बोला.

माजघर

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

अवांतर: साडेनऊला किल्ली परत! सातासमुद्रापार गेलं तरी कार्यालयाचा मॅनेजर पाठ सोडत नाही.

गिरणगावचा_नातू

भावना पोचल्या. पण तू ज्याला 'मूळ' म्हणून धरून बसलायस तो दशावतार एकदा कापून झालेला आहे, आणि तो आमच्याच लोकांनी कापला.

आजोबा परळला गिरणीत. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. एक कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. गावच्या नावाने मंडळ, मंडळाच्या नावाने वर्गणी, आणि देवळाचं छप्पर करायचं असलं की हॉल घेऊन दशावतार लावायचा. तिकीट लावलं की वेळ आली, वेळ आली की शेवटची गाडी आली. आड दशावतार तेव्हाच आटला. गणपतीची पदं उरकायची की थेट आख्यान. रात्रभराचं नाटक तीन-साडेतीन तासांवर आलं ते असं.

दुसरा बदल यापेक्षा मोठा आहे आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. गावात जत्रेचं नाटक कुठल्या कंपनीचं ते ठरलेलं असतं. पार्सेकर असोत, वालावलकर असोत, मोचेमाडकर असोत, त्या त्या देवळाशी त्यांचं पिढ्यांचं नातं. लोक कंपनीला ओळखतात. मुंबईत जाहिरातीत नटाचं नाव मोठं करावं लागलं. मग 'संयुक्त दशावतार' निघाले: चार कंपन्यांतले चार गाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र. बाबी नालंग, बाबी कलिंगण, पुढे सुधीर कलिंगण ही नावं चाकरमान्यांनी डोक्यावर घेतली. जत्रेतलं देवाचं नाटक इथे माणसाच्या नावावर चालायला लागलं.

जानेवारी १९८२ च्या संपानंतर निम्म्या खोल्या रिकाम्या झाल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि जत्रेला गावी जाणंच सोपं झालं. तरी मुंबईतले प्रयोग थांबले नाहीत, कारण ते आता देवळाच्या छपरासाठी नव्हते. आपण कोण हे बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून विसरायला होतं, त्यासाठी होते.

तेव्हा नव्वद मिनिटं ही मेलबर्नची सोय, साडेतीन तास ही परळची सोय. आणि रात्रभर ही गावाची सोय. सकाळची पहिली एसटी येईपर्यंत पाहुण्यांनी जायचं कुठे?

तेरेखोलकाठचा

@गिरणगावचा_नातू: एसटीचं पटलं, हसलोही. पण परळच्या हॉलमध्ये खाली बसलेला माणूस वरच्याला उत्तर देऊ शकत होता. राजा चुकला की 'अरे, तो तुझो जावय न्हय, मेवणो!' असं ओरडणारे तिथे होते. वेळ कापली तरी तो माणूस शाबूत होता. माझ्या हॉलमधला प्रेक्षक पडद्यावरच्या ओळी वाचत बसणार. फरक तिथे आहे.

पेटीवाल्याचो_झिल

माझो बापूस पेटयेर बसता. मी दिवसा कुडाळाक एमआयडीसीत आणि जत्रांच्या दिवसांत झांजेर. म्हणान दोन गजाली सांगतंय.

पयली. इंग्रजी ओळी देतलास कशो? ओळी देवक त्यो आधी लिवक होयत. आमचो राजा आज काय बोलतलो ता राजाकच म्हायत नसता. समोरच्यान काय टाकल्यान ता बघून हो उचलता. कधी कधी समोरचो मुद्दाम अवघड घालता, नवीन नटाची परीक्षा बघूक. पुराण येत नसात तर तो थंयच उघडो पडता. तुमी ओळी आधी लिवल्यात की नट ओळीचो नोकर झालो.

दुसरी गजाल मोबाईलची. आधी एका गावात मारलेलो टोमणो दुसऱ्या गावात नवोच असायचो. वाट चलान, पेटारो डोक्यार घेवन जायत तेव्हा सोडाच, कंपनीच्यो गाडयो इल्यो तरी तसाच होता. आता रातचा नाटक सकाळी यूट्यूबर. दुबयवालो बघता, वेंगुर्ल्याचो पण बघता. परत तोच टोमणो मारल्यार खालसून आवाज येता, 'ह्यो आयकलो रे!' जे हुशार आसत ते रोज नवीन शोधतत. पण शिकाऊ पोरां काय करतत? मोठ्या नटाचा बोलणा मोबाईलवर धा वेळा आयकान जसाच्या तसा उचलतत. आमच्यात लिवलेली संहिता नव्हती. मोबाईलान ती करून दिल्यान.

तरी मोबाईल वायट असा मी म्हणूचंय नाय. करोनात जत्रा बंद होत्यो तेव्हा लोक जुनी नाटकां बघून बापाशीक फोन करी होते. खंयचे खंयचे लोक. तेका तेव्हा कळला की आपली पेटी एवढ्या लांब ऱ्हवणारे आयकतत.

आणि पेटारो मागा नको. पेटाऱ्यात गणपती आसता, आमी तेची पूजा करून मगे तोंडाक रंग लावतंव. तो विमानाच्या पोटात सुटकेसींवांगडा घालूचो? बापूस म्हणता, मुकुट न्हेयात, कपडे न्हेयात, पेटारो हंयच ऱ्हांव दे.

माजघर

'ओळीचो नोकर'. दंडवत.

आगाऊ_कार्टा

सगळे फारच हळवे झालेत, म्हणून हा खडा.

जत्रेतल्या फलकावर 'भव्य ट्रिकसीनयुक्त' असं लिहिलं की गर्दी दुप्पट होते. हे लिहायला कुठल्या एनआरआयने सांगितलं होतं? हवेत उडणारा मारुती, फिरणारं सुदर्शन, धूर, रंगीत दिवे, कानाला लावायचे माइक हे सगळं गावानेच मागितलं, गावानेच टाळ्या दिल्या. नागाचं ट्रिकसीन बघायला माझी आत्या आठ किलोमीटर चालत जायची आणि लांब संवाद सुरू झाला की चहाच्या टपरीवर. समितीला धूर हवाय म्हणजे समितीची आवड थेट माझ्या आत्यासारखी आहे. शहरी नव्हे, अस्सल गावठी.

परदेशातल्या लोकांना गावात बदल चालतो, फक्त आपण गाव सोडल्याच्या तारखेपर्यंतचा.

तेरेखोलकाठचा

@आगाऊ_कार्टा: आत्याला नमस्कार. पण आत्याकडे टपरीवर जायचा पर्याय होता आणि संवाद संपल्यावर ती परत येत होती. मी टपरीच ठेवायची आणि नाटक काढायचं, असं समिती म्हणतेय.

जुनी_पोथी

उशीर झाला, पण दोन शेजाऱ्यांची उदाहरणं देतो. दोन्हींचा तुमच्या यादीशी संबंध आहे.

पहिला शेजारी यक्षगान, कर्नाटकातला रात्रभर चालणारा गाण्या-नाचाचा खेळ. नात्याने तो दशावताराचा भाऊच, यक्षगानालाही 'दशावतार आट' म्हणतात. १८४२ च्या सुमाराला उत्तर कानड्यातून भागवत मंडळी सांगलीला आली, तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तो खेळ पाहिला आणि विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. म्हणजे ज्याला आपण 'शुद्ध मराठी' नाट्यपरंपरा म्हणून मिरवतो तिच्या उगमाशीच शेजारच्या भाषेचा फिरता खेळ आहे. हे अस्मितावाल्यांनी उशाशी ठेवावं.

आता मुद्दा. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी यक्षगानावर जन्मभर काम केलं. जगभर नेता यावं म्हणून त्यांनी त्याचं 'यक्षरंग' केलं: वेळ आटोपशीर, व्हायोलिन आणि सॅक्सोफोनची साथ, आणि उत्स्फूर्त बोलणं जवळजवळ बाद. नृत्य, संगीत, वेश यांवर भर. भाषा कळत नसलेल्या प्रेक्षकासाठी हा विचार चुकीचा नव्हता आणि त्यांचे प्रयोग देखणे होते यात वाद नाही. पण करावळीतल्या (कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या) जुन्या रसिकांनी तेव्हापासून एकच तक्रार धरली, की अर्थ सांगणारा नटच गप्प केला.

आणि त्याच करावळीत नेमका उलटा प्रकारही नांदतो. ताळमद्दळे. वेश नाही, नाच नाही, मुकुट नाही. साध्या धोतर-शर्टात माणसं चटईवर बसतात, भागवत, म्हणजे गाणारा, पदं म्हणतो आणि कृष्ण-अर्जुन, वाली-राम तासन्‌तास वाद घालतात. लोक त्यासाठी रात्र जागतात. वेश काढून घेतल्यावरही खेळ उभा राहतो. बोलणं काढून घेतल्यावर मात्र त्याला नवं नाव द्यावं लागलं. धागाकर्त्याचा मुद्दा याहून चांगला मला मांडता येणार नाही.

दुसरा शेजारी केरळचा कूडियाट्टम, संस्कृत नाटकं करायचा जुना प्रकार. एकेका अंकाला अनेक रात्री लागायच्या, तेही देवळाच्या कूत्तंबलममध्ये (नाट्यमंडपात) आणि ठरावीक घराण्यांकडूनच. १९६५ मध्ये केरळ कलामंडलमने तो शिकवायला घेतला, पैंकुळम रामा चाक्यार गुरू, आणि घराण्याबाहेरची मुलं-मुली शिकू लागली. १९८० मध्ये युरोपचा दौरा झाला, २००१ मध्ये युनेस्कोने गौरवलं. परदेशी प्रयोगासाठी कापाकापी तिथेही झाली. पण शिकणारी माणसं वाढली ती दार उघडल्यामुळे. कापणं आणि उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे त्या एकमेकींत मिसळताहेत असं वाटतं.

खालच्या_वाडीतला

शेवटचा परिच्छेद वाचून लिहायचं ठरवलं.

'गावात जत्रेचं नाटक', 'गावानेच मागितलं' हे शब्द इथे फार सहज वापरले जातायत. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीत, मान कोणाकोणाचा आणि बसायला पुढे कोण, हे सगळं ठरलेलं असायचं. आमच्या वाडीतली माणसं पूर्वी नाटक लांबून, कुणग्याच्या (भातशेताच्या) बांधावर बसून बघायची. आजी सांगायची, राजा काय बोलला ते ऐकू यायचं नाही, फक्त मुकुट चमकलेला दिसायचा. तेव्हा संवादाविना, नुसत्या वेशाचा दशावतार पाहिलेले प्रेक्षक तुमच्या मेलबर्नच्या आधी आमच्या घरात होऊन गेले.

मी पहिल्यांदा पूर्ण संवाद ऐकला तो यूट्यूबवर, हेडफोन लावून. त्यामुळे मोबाईलने परंपरा बिघडवली हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. संकासुर मानकऱ्यांना काय काय सुनावतो ते कळल्यावर तर मी तो भाग मागे नेऊन नेऊन ऐकला.

संकासुर काढू नका एवढंच.

पेटीवाल्याचो_झिल

@खालच्या_वाडीतला: खरा आसा ता. बापाशीक वाचून दाखवलंय. तो कायच बोलाक नाय. मगे म्हणालो, आता पुढे येवन बसतत मा?

खालच्या_वाडीतला

बसतात. काही गावांत. काही गावांत अजून 'बसा की पुढे' असं सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

मांडवीपारची

पेडण्याची मी, आता पर्वरीत. दोन गोष्टी डोक्यात घोळतायत.

एक म्हणजे देवांची भाषा. आमच्या घरात कोंकणी, शेजारी कोंकणी, भांडण तर फक्त कोंकणीत. पण देवळासमोर राजा बोलणार मराठी, तीही अशी अलंकारिक की आमचे शिक्षकसुद्धा तशी बोलत नसत. लहानपणी मला वाटायचं देवांना कोंकणी येत नाही. गोवा महाराष्ट्रात जावा का यावरचा १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, या सगळ्यात गोव्यातली घरं भाषेवरून उभी चिरली गेली. तरी जत्रेत कोणी म्हटलं नाही की दशावतार कोंकणीत करा. मराठीच्या विरोधात मोर्चाला गेलेले माझे काका पहाटेपर्यंत मराठी आख्यान बघत बसायचे. माणसाची ओळख अशी फॉर्मवर एका रकान्यात मावत नाही.

सिंधुदुर्गातही तेच आहे की. राजा, ऋषी, विष्णू पल्लेदार मराठीत, आणि मालवणी कोणाच्या तोंडी? संकासुराच्या, नोकराच्या, विनोदी राक्षसाच्या. आपणच आपल्या भाषेला हसण्याचं काम दिलं. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी राज्यभर नेली, अभिमान वाटला. पण पुढे मालवणी माणसाने गंभीर काही बोललं तरी समोरचा आधीच हसायच्या तयारीत. हे ओझं परदेशी जाताना बरोबर जाणार आहे. संकासुर ठेवाच, पण तो नुसता जोकर होऊ देऊ नका. तो मंचावरचा एकमेव माणूस आहे जो लोकांच्या भाषेत देवाला प्रश्न विचारतो.

दुसरी गोष्ट बायकांची. पुरुषांनी स्त्रीपार्ट करणं ही कला आहे, चांगला स्त्रीपार्टी नट उभा राहिला की पदर सावरण्यातच गोष्ट सांगतो. पण मेलबर्नला हौशी मंडळी करणार म्हणता, तर त्यात बायका आहेत ना? की फराळाच्या समितीत? आता आमच्याकडे महिलांची दशावतारी मंडळं प्रयोग करतात, पुरुषांची कामंसुद्धा बायका करतात. 'परंपरेत नाही' हे कारण तिकडे बसून देऊ नका.

आगाऊ_कार्टा

+१. फराळ समिती हा शब्द वाचून आमच्या मंडळात दोन जण गप्प झाले असतील.

सॅकपाठी

बालीला गेलो होतो तेव्हा हा विषय तिथे वेगळ्या प्रकारे सोडवलेला पाहिला, म्हणून लिहितो.

पर्यटक ज्या 'केचक'साठी गर्दी करतात (शेकडो पुरुष गोल बसून 'चक-चक' करतात तो), तो आजच्या रूपात आला १९३० च्या दशकात. मूळ समाधी लागणाऱ्या विधीतला समूहस्वर. वॉल्टर स्पीस या तिथे राहणाऱ्या जर्मन चित्रकाराच्या आणि स्थानिक नर्तकांच्या खटपटीतून त्याला रामायणाची गोष्ट जोडली गेली. आज तो बालीची ओळख म्हणून जगभर छापला जातो.

पर्यटन फारच वाढलं तेव्हा १९७१ मध्ये देनपसारला एक चर्चासत्र भरलं आणि नृत्यांच्या तीन पायऱ्या केल्या: वाली, म्हणजे देवळाच्या आतल्या आवारातलं, बेबाली, म्हणजे मधल्या आवारातलं, विधीला धरून पण गोष्ट सांगणारं, आणि बालीह-बालीहान, म्हणजे बाहेरचं, कोणालाही दाखवायचं. २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बालीची नृत्यं आली तीही या तीन पायऱ्यांनिशी.

मला गंमत वाटली ती यापुढची. पाहुण्यांच्या स्वागताला देवळातलं 'पेंदेत' नाचवणं बरं नाही, म्हणून त्याच्याऐवजी 'पन्यम्ब्रामा' नावाचं नवं नृत्य बसवलं. ते लोकांना इतकं आवडलं की काही वर्षांनी देवळांतच नाचायला लागले. पर्यटकांसाठी केलेलं देवापुढे पोचलं. तेव्हा मेलबर्नला जे कराल ते जपून करा, उद्या कुडाळात दिसेल.

पेटारा गावी ठेवायचा हे बापूसांनी सांगितलं ती बहुतेक तीच पायरी आहे, चर्चासत्र न भरवता काढलेली.

क्लेटनचा_पोरगा

हाय. मी मेलबर्नचाच, धागाकर्ते काका मला ओळखतात पण मी कोण ते सांगणार नाही. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका माफ करा.

शाळेत हार्मनी डे असतो. सगळ्यांनी 'आपले' कपडे घालून यायचं. मी सहावीत असताना कुर्ता घालून बॉलिवूडच्या गाण्यावर नाचलो, कारण टीचरला तेच इंडियन वाटत होतं. मंडळात आलो की फेटा बांधून ढोल. दोन्हीकडे मला कोणीतरी काहीतरी घालायला देतं आणि फोटो काढतं. मला ढोल आवडतो, फेक नाही वाटत. पण बोलायला कोणी कधी काही देत नाही. आम्ही स्टेजवर नेहमी म्यूट असतो.

संकासुर मी यूट्यूबवर बघितला, अर्ध कळलं नाही. पण तो सूत्रधाराला जसं उलट बोलतो ते बघून हसून मेलो. आईने अर्थ सांगितला, आईचा अर्थ बोरिंग होता आणि तोपर्यंत जोक गेला होता. सबटायटल पण असंच होणार.

आयडिया: सबटायटल नको. सूत्रधारानेच ट्रान्सलेट करावं, स्टेजवर. आणि चुकीचं करावं. संकासुर प्रेसिडेंट काकांना शिवी देतो आणि सूत्रधार म्हणतो 'ही सेज, थँक यू फॉर द पार्किंग'. ज्यांना मराठी येतं ते आधी हसतील, ज्यांना येत नाही ते नंतर हसतील आणि विचारतील खरं काय म्हणाला.

जुनी_पोथी

मी इतकं लांब लिहिलं ते पुसून टाकावंसं वाटतंय. संस्कृत नाटकातला राजा संस्कृत बोलायचा, विदूषक प्राकृत. कूडियाट्टममध्ये तर विदूषक राजाचे श्लोक मल्याळममध्ये सांगतो आणि सांगता सांगता त्यांची खिल्ली उडवतो. या मुलाला ते कोणी सांगितलेलं नाही.

पेटीवाल्याचो_झिल

ह्या पोराक आमच्या कंपनीत धाडा. जेवण आमचा.

तेरेखोलकाठचा

काल समितीची बैठक झाली. क्लेटनच्या पोराची कल्पना वाचून दाखवली (अध्यक्षांनी पार्किंगवाली ओळ दोनदा वाचायला लावली, दुसऱ्यांदा हसले). ठरलं ते असं.

आड दशावतार पूर्ण करायचा, पन्नासेक मिनिटं. संकासुर मालवणीत, सूत्रधार इंग्रजीत आणि सोयीस्कर. संकासुराला संहिता नाही, फक्त कोणाकोणाला टोचायचं त्या नावांची यादी, आणि ती यादी समितीला दाखवायची नाही. उरलेल्या वेळात आख्यान एकच, अभिमन्यू-उत्तरेचा निरोप आणि पुढचं युद्ध. निरोपात बोलणं मराठीतच, ओळी नाहीत. त्याआधी सूत्रधार गोष्ट इंग्रजीत सांगून ठेवेल. धूर युद्धात आहे, @आगाऊ_कार्टाच्या आत्यासाठी.

उत्तरेचं काम एक पुरुष करणार आणि अभिमन्यूचं एक मुलगी. दोघांनीही स्वतःहून हात वर केला. यावर एक सभासद उठून गेले, परत येतील.

पेटारा येणार नाही. पेटीवाल्या बाबांच्या व्हिसाचे कागद सुरू केलेत. त्यांचा पासपोर्ट नाही, तिथपासून सुरुवात.

मांडवीपारची

संकासुर कोण करतंय ते सांगितलंच नाहीत.

तेरेखोलकाठचा

मी. क्लेटनचा पोरगा सूत्रधार. तालमीत त्याने माझ्या पहिल्याच वाक्याचं असं भाषांतर केलं की पुढचं मला सुचलंच नाही.

पेटीवाल्याचो_झिल

तेका म्हणतत परीक्षा बघणा. आता पुराण वाचूक घेया.